कुत्र्याची जुनी खाज : आधी कारण ओळखा, मग औषध द्या

एक उदाहरण घेऊ. वस्तीतल्या एका घरात शेरू नावाचा तीन वर्षांचा कुत्रा आहे. पिल्लू असताना मुलांनी त्याला गल्लीतून उचलून आणले. तो दारातल्या गोणपाटावर झोपतो. रात्री कोणी अनोळखी माणूस गल्लीत शिरला की भुंकून सगळ्यांना जागे करतो. गेल्या पावसाळ्यापासून मात्र तो सारखा अंग खाजवतो. कानांच्या कडा आणि कोपरे यांवरचे केस गेले, कातडी जाड आणि काळपट झाली, अंगाला वास येऊ लागला. ओळखीच्या माणसाकडून एक इंजेक्शन देऊन आणले. पंधरा दिवस बरे वाटले, मग पुन्हा तेच. कोणी गॅरेजमधले जळके ऑइल लावायला सांगितले, कोणी फिनाईलने धुवायला. अशातच घरातल्या लहान मुलीच्या हातांवर आणि पोटावर बारीक लाल पुरळ उठले. आता घरात एकच चर्चा आहे : शेरूला रिक्षात घालून दूर कुठेतरी सोडून यायचे.

असा प्रसंग अनेक घरांवर येतो. पण सोडून देणे हा उपाय नाही. आजारी कुत्रा अनोळखी जागी उपाशी मरतो. त्याच्या अंगावरची लूत तिथल्या कुत्र्यांना लागते. आपल्या घरात राहिलेल्या पिसवा आणि गोचिडी तर घरातच राहतात. उपाशी-तहानलेले राहून हाल होतील अशा स्थितीत जनावर सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाही आहे. राजगृहातले १९३४ सालचे बाबासाहेबांचे कुटुंबासह छायाचित्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. त्यात रमाई आणि यशवंत यांच्याबरोबर टॉबी हा कुत्राही आहे. घरातले जनावर घराचाच भाग असते. ते आजारी पडले तर त्याचा आजार समजून घेणे हे पहिले काम.

खाज हे लक्षण आहे, रोग नव्हे

माणसाला ताप येतो तो मलेरियाने, टायफॉइडने किंवा साध्या सर्दीनेही. सगळ्या तापांना एकच गोळी चालत नाही. कुत्र्याच्या खाजेचेही तसेच आहे. तिची कारणे मुख्यतः तीन गटांत मोडतात.

१. परजीवी : पिसवा, गोचिडी, उवा आणि डोळ्यांना न दिसणारे लुतीचे किडे. या किड्यांना डॉक्टर माइट म्हणतात.

२. जंतू आणि बुरशी : पू भरलेले फोड, खपल्या, गजकर्ण, तेलकट आणि वास मारणारी कातडी.

३. अ‍ॅलर्जी : पिसवांच्या लाळेची, एखाद्या अन्नाची, किंवा घरातली धूळ, बुरशी, गवत आणि परागकण यांची.

बऱ्याचदा तिन्ही एकत्र नांदतात. अ‍ॅलर्जीने खाज सुटते, खाजवून जखम होते, जखमेत जंतू वाढतात, जंतूंनी आणखी खाज सुटते. शेरूला दिलेल्या इंजेक्शनसारखे खाज थांबवणारे औषध या चक्राला थोडे दिवस रोखते, पण मूळ कारण तसेच राहते. म्हणूनच पंधरा दिवसांनी खाज परत येते.

यावरून शोधाचा क्रम ठरतो : आधी परजीवी, मग जंतू आणि बुरशी, शेवटी अ‍ॅलर्जी. पहिली दोन कारणे नीट औषधाने दूर करता येतात. अ‍ॅलर्जी मात्र सहसा आयुष्यभर सोबत राहते. दमा किंवा साखरेसारखी ती ताब्यात ठेवावी लागते. लुतीला अ‍ॅलर्जी समजून किंवा अ‍ॅलर्जीला लूत समजून उपचार केले तर पैसे जातात आणि जनावर बरे होत नाही.

खाजेची जागा पाहा

उजेडात बसून कुत्र्याच्या अंगावरचे केस उलटे सारून पाहा. दुखऱ्या जागेला हात लावताच प्रेमळ कुत्राही चावू शकतो, म्हणून कोणीतरी डोके धरून ठेवा आणि लहान मुलांना दूर बसवा.

• कानांच्या कडा, पुढची कोपरे, मागच्या पायांचे घोटे आणि पोट इथे खपल्या व जोराची खाज : खरजेसारखी लूत असण्याची शक्यता. कानाच्या पाळीची कड बोटांत धरून हळू चोळा. मागचा पाय आपोआप खाजवल्यासारखा हलू लागला तर संशय बळावतो.

• कंबर, शेपटीचे मूळ आणि मांड्यांची मागची बाजू : पिसवा. त्या दिसल्या नाहीत तरी केसांत काळे कण दिसतात. ते पांढऱ्या ओल्या फडक्यावर टाका. भोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त.

• पंजे सतत चाटणे, कान लाल होणे, काखा आणि जांघा लाल होणे, तोंड जमिनीवर घासणे : अ‍ॅलर्जीचा संशय. सतत चाटल्याने पंजांचे पांढरे केस विटकरी रंगाचे होतात.

• पिल्लाच्या डोळ्यांभोवती किंवा तोंडाजवळ केस गेलेले छोटे चट्टे, पण खाज फारशी नाही : दुसऱ्या प्रकारची लूत.

• गोल चट्टा, कडेला कोंडा, केस तुटलेले : गजकर्ण असू शकते. हे माणसांना, विशेषतः मुलांना लागते.

• वय झालेल्या कुत्र्याचे दोन्ही बाजूंचे केस सारखेच गळाले, खाज नाही, कुत्रा सुस्त आणि जाड : हा शरीरातल्या ग्रंथींचा आजार असू शकतो. त्यासाठी रक्त तपासावे लागते.

लूत दोन प्रकारची

आपण सगळ्यालाच लूत म्हणतो. पण दोन प्रकारांत मोठा फरक आहे.

पहिल्या प्रकारात किडे कातडीत बीळ करून अंडी घालतात. अंड्यापासून पूर्ण वाढलेला किडा व्हायला साधारण दोन ते तीन आठवडे लागतात. ही लूत एका कुत्र्यापासून दुसऱ्याला पटकन लागते. माणसाच्या अंगावर हे किडे आले तर लाल पुरळ येते आणि खाज सुटते, पण कुत्र्याचे किडे माणसाच्या कातडीत आपले जीवनचक्र पूर्ण करू शकत नाहीत. कुत्र्याचा उपचार झाला की माणसाचे पुरळ सहसा काही आठवड्यांत जाते. माणसांमध्ये एकमेकांना होणारी खरूज वेगळ्या जातीच्या किड्याने होते. म्हणून पुरळ वाढत असेल, बोटांच्या बेचक्यांत असेल किंवा घरातल्या सगळ्यांना रात्री खाज येत असेल, तर माणसांच्या डॉक्टरांना जरूर दाखवा.

दुसऱ्या प्रकारचे किडे पिल्लाला जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत आईच्या अंगावरून मिळतात. निरोगी कुत्र्याच्या कातडीतही ते थोडे असतातच. कुपोषण, जंत, दुसरा आजार किंवा स्टिरॉइडची औषधे यांनी प्रतिकारशक्ती घटली की ते वाढतात. ही लूत माणसांना लागत नाही. लहान पिल्लाचे एखाद-दुसरे चट्टे बऱ्याचदा आपोआप भरून येतात. अंगभर पसरली तर उपचार काही महिने चालतो. महिन्याच्या अंतराने दोनदा कातडी तपासून किडे आढळले नाहीत, तरच औषध थांबवतात. या लुतीत स्टिरॉइडचे इंजेक्शन दिले तर ती वाढते. तपासणी न करता 'खाजेची सुई' टोचून घेऊ नये, त्याचे हे मोठे कारण.

पिसवा आणि गोचिडी : अर्धा उपचार घराचा

कुत्र्यावर दिसणाऱ्या पिसवा म्हणजे एकूण पिसवांचा लहानसा वाटा. त्यांची अंडी, अळ्या आणि कोष गोणपाटात, फटींत, खाटेखाली पडलेले असतात. कोषातली पिसू काही महिने वाट पाहून बाहेर येऊ शकते. म्हणून एकदा औषध लावून 'फरक पडला नाही' म्हणू नका. सलग तीन महिने तरी औषध चालू ठेवा. ज्या कुत्र्याला पिसवांच्या लाळेची अ‍ॅलर्जी आहे, त्याला मोजक्या चाव्यांनीही कित्येक दिवस खाज राहते.

घरात एवढे करा :

• गोणपाट टाकून द्या. त्याऐवजी जुनी साडी किंवा चादर अंथरा. ती दर आठवड्याला गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा.

• खाटेखाली, कोपऱ्यात, पायऱ्यांच्या फटींत रोज झाडा आणि तो केर लगेच बाहेर टाका.

• कुत्र्यांवरच्या गोचिडी भिंतीवर चढून फटींत अंडी घालतात. एक मादी हजारो अंडी घालते. दारालगतच्या भिंतींच्या फटी सिमेंटने बुजवा.

• चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. बोटांनी चिरडू नका. रॉकेल लावू नका. काढलेली गोचीड स्पिरिटमध्ये टाका.

• घरात दोन कुत्री असतील किंवा मांजरही असेल, तर औषधाबाबत डॉक्टरांना सगळ्यांचे सांगा. कुत्र्यांसाठीची काही औषधे मांजराला विषारी असतात.

गोचिडींमुळे रक्ताचे आजारही होतात. ताप, खाणे बंद, हिरड्या पांढऱ्या पडणे, नाकातून रक्त येणे, लघवी गडद लाल होणे यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

अ‍ॅलर्जी कशी ओळखतात

परजीवी, जंतू, बुरशी यांचा बंदोबस्त झाल्यावरही खाज राहिली, तर अ‍ॅलर्जीचा विचार करतात. धूळ, परागकण आणि बुरशीची अ‍ॅलर्जी बहुधा सहा महिने ते तीन वर्षे या वयात सुरू होते. काहींना ठरावीक ऋतूत, काहींना बारमाही. वारंवार कान फुटणे हेही अनेकदा अ‍ॅलर्जीचेच लक्षण असते. कानात तेल घालू नका, काडीने कोरू नका.

अन्नाची अ‍ॅलर्जी असेल तर खाज वर्षभर राहते. काही कुत्र्यांना बरोबर पातळ संडास आणि उलट्याही होतात. ही अ‍ॅलर्जी बहुधा रोजच्याच खाण्याची असते : गोमांस, दूध, कोंबडी, गहू. ओळखण्याची खात्रीची पद्धत म्हणजे अन्नाची परीक्षा. कुत्र्याने आजवर न खाल्लेले एखादे मांस किंवा मासा आणि एखादे कंद असे दोनच पदार्थ डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवा. उदाहरणार्थ, ज्याला कधी मासे दिले नाहीत त्याला काटे काढलेला, मीठ-मसाल्याशिवाय उकडलेला ताजा मासा आणि बटाटा. निदान आठ आठवडे तेवढेच द्या. त्या काळात दूध-पोळी नाही, बिस्किट नाही, शेजाऱ्यांनी टाकलेले हाडूक नाही. खाज कमी झाली तर जुने अन्न पुन्हा सुरू करून पाहतात. खाज परतली तर कारण सापडले.

वस्तीत ही परीक्षा मोडते ती एकाच गोष्टीने : गल्लीतले सगळेच कुत्र्याला काहीबाही देतात. म्हणून आठ आठवडे कुत्र्याला बांधून ठेवा आणि शेजारच्या घरी, विशेषतः मुलांना, आधीच सांगून ठेवा. या परीक्षेला पैसा कमी लागतो, शिस्त जास्त लागते.

दवाखान्यात काय विचारायचे

जिल्हा परिषदेचे आणि पशुसंवर्धन विभागाचे पशुवैद्यकीय दवाखाने तालुक्या-तालुक्यांत आहेत. महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या नागपूर, मुंबई, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथील महाविद्यालयांना जोडून दवाखाने आहेत. कातडीच्या तपासणीची सोय तिथे मिळू शकते.

जाताना वहीत लिहून न्या : खाज केव्हापासून, कुठे सुरू झाली, कोणत्या ऋतूत वाढते, काय खायला देता, आधी कोणती औषधे दिली, घरात कोणाला पुरळ आहे का, कुत्र्याला कधी फिट आली होती का. फिटबद्दल जरूर सांगा, कारण पिसवा आणि लुतीच्या काही नव्या गोळ्या अशा कुत्र्याला जपून द्याव्या लागतात. जुन्या औषधांची रिकामी पाकिटे घेऊन जा.

डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. पहिला : कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली का? खरजेसारख्या लुतीत किडे असूनही तपासणीत सापडत नाहीत असे होते. तेव्हा डॉक्टर लक्षणांवरून उपचार सुरू करतात, त्यात गैर काही नाही. दुसरा : हे स्टिरॉइड आहे का, आणि किती दिवस द्यायचे? स्टिरॉइड लवकर आराम देते, कधी कधी गरजेचेही असते. पण दीर्घकाळ दिले तर तहान, लघवी, भूक आणि वजन वाढते, जंतू बळावतात. बरेच दिवस चाललेले स्टिरॉइड अचानक बंद करणेही धोक्याचे असते, ते हळूहळू कमी करतात. तिसरा : औषध कधी थांबवायचे? केस उगवू लागले म्हणून मध्येच थांबवले तर आजार परततो.

गोळ्या कुत्र्याच्या वजनावर ठरतात. मोठ्या कुत्र्याची गोळी तोडून दोघांत वाटू नका. गुरांसाठी आणलेले लुतीचे किंवा गोचिडीचे औषध अंदाजाने देऊ नका, विशेषतः पिल्लाला. घरातला कुत्रा दिवसभर गल्लीतल्या कुत्र्यांत असेल, तर त्यांच्या उपचाराबद्दलही डॉक्टरांशी बोला. नाहीतर लूत पुन्हा लागते. पैसे कमी असतील तर आधी पिसवा, गोचिडी आणि लुतीच्या औषधावर खर्च करा. बाकीचे त्यानंतर. रेबीजची लस राहिली असेल तर याच फेरीत घ्या.

आंघोळ कशी घालायची

माणसाचा साबण, कपड्याचा साबण आणि शाम्पू कुत्र्याच्या पातळ कातडीला कोरडे करतात. डॉक्टरांनी दिलेला औषधी शाम्पू आठवड्यातून एक-दोनदा वापरतात. अंग आधी पूर्ण भिजवा, शाम्पू कातडीपर्यंत चोळा आणि दहा मिनिटे तसाच ठेवा. लगेच धुतला तर औषधाचा उपयोग होत नाही. थंडीत कोमट पाणी घ्या. नंतर भरपूर पाण्याने धुऊन कोरड्या फडक्याने पुसा, बोटांच्या बेचक्या आणि काखा विशेष. पाणी कमी असेल त्या दिवशी ओल्या फडक्याने पंजे आणि पोट पुसले तरी धूळ आणि परागकण निघून जातात. पावसाळ्यात बाहेरून आल्यावर एवढे रोज करा.

हे मुळीच करू नका

• जळके ऑइल : कातडी भाजते. कुत्रा ते चाटतो, मग उलट्या होतात. फुप्फुसांत गेले तर न्यूमोनिया होतो. त्यात शिशासारखे विषारी धातूही असू शकतात.

• फिनाईल, रॉकेल, डांबरगोळीची पूड, कापूर घातलेले तेल : कातडीतून आणि चाटण्यातून विषबाधा होते.

• शेतात फवारण्याचे किंवा घरातले ढेकूण-झुरळांचे औषध कुत्र्याच्या अंगावर मारणे.

• माणसांच्या वेदनाशामक गोळ्या आणि मेडिकलमधून न विचारता आणलेली गजकर्णाची मिश्र मलमे. त्यांत स्टिरॉइड असते. माणसांचे गजकर्णही त्यांनी चिघळते.

कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्याने अंग धुतल्यास थोडा आराम वाटू शकतो, पण लूत त्याने बरी होत नाही. त्यावर विसंबून दवाखाना लांबवू नका.

कुत्रा चावला किंवा त्याने ओरखडले तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात जा. कुत्रा घरचा असला तरीही.

शेरूचे पुढे काय

समजा, शेरूच्या घरच्यांनी त्याला सोडून दिले नाही, दवाखान्यात नेले. कातडी तपासली, किडे सापडले नाहीत, पण कानाची कड चोळताच पाय हलला आणि मुलीला पुरळ होते. डॉक्टरांनी लुतीचे औषध वजनाप्रमाणे दिले. जखमांसाठी शाम्पू आणि जंतूंवरचे औषध दिले. घरच्यांनी गोणपाट टाकले, फटी बुजवल्या, औषधाच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिल्या. तीन-चार आठवड्यांत खाज बरीच उतरते, मुलीचे पुरळही जाते. केस भरायला दोन-तीन महिने लागतात.

पुढच्या पावसाळ्यात शेरू पुन्हा पंजे चाटू लागेल, कदाचित. आता घरच्यांना घाबरायचे कारण नाही. लूत नाही, पिसवा नाहीत, हे पाहून झाले आहे. म्हणजे ही अ‍ॅलर्जी. पंजे रोज पुसायचे, आठवड्याला आंघोळ, पिसवांचे औषध चुकवायचे नाही, खाज वाढली तर डॉक्टरांनी सांगितलेल्या गोळ्या तेवढे दिवस. कुत्रा पूर्ण बरा होणार नाही, पण सुखाने झोपेल, आणि घरही झोपेल.

लक्षात ठेवा

१. एका इंजेक्शनाने जुनी खाज जात नाही. कारण शोधा : आधी परजीवी, मग जंतू आणि बुरशी, मग अ‍ॅलर्जी.

२. कुत्र्याबरोबर त्याचे अंथरूण आणि घरही साफ करा.

३. औषध डॉक्टर थांबवतील तेव्हाच थांबवा.

४. जळके ऑइल, फिनाईल आणि रॉकेल कुत्र्याच्या अंगाला लावू नका.

५. घरातल्या माणसांना पुरळ उठले तर कुत्र्याला सोडू नका. दोघांनाही आपापल्या डॉक्टरांकडे न्या.